खड्ड्याशेजारची छत्री

सरांनी चहाचा पहिला घोट घेतला, टपालाने आलेले पाकीट फोडले, दोन ओळी वाचल्या आणि तो घोट जसाच्या तसा टेबलक्लॉथवर परत केला.

"कोण गाढव आहे हा?"

ताई फडके घेऊन आल्या. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर बाईमाणूस आधी डाग बघते, मग कारण. "काय झालं?"

"माझ्या लेखावर परीक्षकाचा अभिप्राय आलाय. ऐक. 'सदर लेखकाने सदर टेकाडावर कधी पाय ठेवला असेल याची शंका येते. ठेवला असल्यास, चपलेला लागलेल्या मातीपलीकडे त्याने तिथून काहीही आणलेले दिसत नाही.' हे माझ्याबद्दल. ज्या माणसानं त्या टेकाडावर उन्हाळेच्या उन्हाळे काढले, त्याला हा चपला दाखवतो."

ताईंचा फडक्याचा हात थांबला. ते वाक्य त्यांना तोंडपाठ होते. मागच्या थंडीत याच टेबलाशी, याच खुर्चीत बसून सरांनी ते स्वतः सांगितले होते आणि ताईंनी उतरवून घेतले होते. चपलेच्या मातीवर तर सर स्वतःवरच इतके खूश झाले होते की त्यांनी आणखी एक कप चहा मागितला होता. फक्त तेव्हा तो अभिप्राय दुसऱ्या एका माणसाच्या लेखावर होता. तो दुसरा माणूस म्हणजे ताईंचा सख्खा धाकटा भाऊ.

"भाषा तरी बघ," सर म्हणाले, "हा तुझा भाऊच. असला कुजकेपणा शिकून येत नाही. तो रक्तातच असावा लागतो."

"रक्त माझंही तेच आहे," ताई म्हणाल्या आणि फडके पिळायला आत गेल्या.

आता थोडे मागचे सांगायला हवे. ज्या प्राचीन प्रदेशाविषयी ही सगळी रामकहाणी आहे, त्याचे नाव तिथल्या लोकांनी कुठेच लिहून ठेवलेले नव्हते. त्यांना लिहिताच येत नव्हते, आणि त्यामुळे ते सुखी असावेत. विद्वान मंडळी त्याला नुसते 'प्रदेश' म्हणत. या प्रदेशाचे सगळ्या जगात दोनच तज्ज्ञ होते. तिसरा एक परदेशी होता, पण त्याने मध्येच समुद्री शंखांवर लिहायला घेतले आणि तो सुटला. उरले दोघे: सर आणि त्यांचा मेहुणा. मेहुण्याची साठी उलटली होती, डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण घरात त्याचे नाव बाळ पडले ते पडलेच.

प्रदेशाची राजधानी उत्तरेच्या टेकाडाखाली होती, असे सरांचे मत होते. बाळच्या मते ती दक्षिणेच्या टेकाडाखाली होती. तरुणपणी दोघांनी मिळून उत्खनन केले, एका तंबूत राहिले, एकाच बादलीतल्या पाण्याने तोंडे धुतली. मग एके दिवशी दोन टेकाडांच्या मधे एक खड्डा सापडला. मातीने लिंपलेला, गोल. सर म्हणाले, राजाचे धान्याचे कोठार. बाळ म्हणाला, उकिरडा. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले ते आजतागायत. राजे गेले, राज्ये गेली, धान्य असलेच तर तेही उंदरांनी खाल्ले. भांडण तेवढे टिकले. पुराणवस्तू जपावी तशी दोघांनी ते जपले होते. बाळ बहिणीकडे आला की सर मागच्या दाराने फिरायला जात. पावसात जावे लागले तरी जात.

त्या खड्ड्याचा फोटो मात्र एकच होता आणि तो दोघेही वापरत. उत्खननाच्या फोटोत वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवायची असते, म्हणजे पाहणाऱ्याला आकार कळतो. त्या दिवशी मोजपट्टी सरांना वाटले बाळने घेतली आणि बाळला वाटले सरांनी घेतली. शेवटी ताईंच्या डोक्यावरची छत्री काढून खड्ड्याशेजारी आडवी ठेवली गेली आणि फोटो मनासारखा निघेपर्यंत ताई उन्हात उभ्या राहिल्या. फोटोच्या कोपऱ्यात त्यांची सावली आली होती. छापताना सरांनी ती कापली. छत्री राहिली. पुढे प्रदेशावर जे जे काही छापून आले, त्या सगळ्यात ती छत्री होती. तिच्याइतके सातत्याने कुणाचेच लिखाण प्रसिद्ध झाले नसेल.

आणि ते सगळे छापत होत्या ताई. संशोधन मंडळाची पत्रिका त्या चालवत. पत्रिकेवर नाव संपादक मंडळाचे असे, आणि संपादक मंडळात जे होते त्यांतले निम्मे वारलेले होते. लेख मागवणे, तपासणे, टाइप करणे, प्रुफे वाचणे, छापखान्यात जाऊन मुद्रकाशी भांडणे हे सगळे 'कार्यालयीन साहाय्य' या एका सदराखाली ताई करत. खरे तर एम.ए.ला ताईंना पहिला वर्ग मिळाला होता आणि सरांना दुसरा. ही गोष्ट घरात कधी कोणी काढत नसे. ज्या जखमेवर खपली धरली आहे, तिथे आपण खाजवू नये.

मंडळात ताईंना एक खोली होती. जिन्याखालची, एका खिडकीची, टाइपरायटर आणि जुन्या अंकांनी भरलेली. त्या खोलीत शिरले की त्यांना कुणी 'अगं' म्हणत नसे. एवढ्यासाठी माणूस पुष्कळ काही सोसतो.

त्या खोलीवर मंडळाच्या नव्या अध्यक्षांचा डोळा होता. अध्यक्ष निवृत्त होण्यापूर्वी पाणीपुरवठ्यात बडे अधिकारी होते. उत्खननाशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांच्या कारकिर्दीत टाकलेले नळ लोक अजून शोधत होते. त्यांनी आल्याआल्या ठराव करून घेतला: वार्षिक सभेपर्यंत पत्रिकेचा रखडलेला 'राजधानी विशेषांक' निघाला नाही, तर पत्रिका बंद आणि जिन्याखालची खोली अध्यक्षांना विश्रांतीसाठी. सोफ्याचे माप घ्यायला माणूसही येऊन गेला होता. ताई टाइप करत असताना त्याने त्यांच्या खुर्चीमागून टेप सोडला होता.

विशेषांकात मुख्य लेख दोनच: सरांचा आणि बाळचा. ते वगळले तर अध्यक्षांचे मनोगत आणि श्रद्धांजल्या उरत होत्या. आणि लेख छापायचा तर परीक्षकाची मान्यता हवी. जगात तज्ज्ञ दोनच, त्यामुळे सरांचा लेख बाळने तपासायचा आणि बाळचा सरांनी. कुणी कुणाचा लेख तपासला हे मात्र कुणालाच कळता कामा नये.

ही गुप्तता अध्यक्षांनी स्वतःच्या हाती घेतली. त्यांची पद्धत अशी होती. सर म्हणजे अ, बाळ म्हणजे ब. सरांच्या लेखावर अ, सरांनी लिहिलेल्या अभिप्रायावरही अ. बाळच्या लेखावर ब, त्याच्या अभिप्रायावरही ब. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळे अभिप्राय मंडळात टाइप व्हायचे. मजकुरात माणसाचे नाव नको, जागेचे नको, दिशेचेही नको. टेकाड असेल तर 'सदर टेकाड', खड्डा असेल तर 'सदर खड्डा'. इतकी चाळणी लावल्यावर जो अभिप्राय उरे तो कुठल्याही लेखाला लागू पडला असता. फार काय, एखाद्या लग्नपत्रिकेलाही पडला असता.

मग अध्यक्षांनी ते अभिप्राय कित्येक महिने आपल्या कपाटात ठेवले. गुप्तता मुरावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. आणि शेवटी स्वतःच्या हाताने पाकिटे भरून पाठवले. अ चे अ ला. ब चे ब ला.

टेबलक्लॉथ भिजत घालून ताईंनी मंडळात जाऊन अध्यक्षांना गाठले.

"अध्यक्षसाहेब, अ चा अभिप्राय तुम्ही अ ला पाठवलात."

"मग? अ चा अ लाच जाणार, ताई. तो काय ब ला पाठवायचा?"

"हो. ब लाच पाठवायचा होता. तो अ नं लिहिलाय. तपासणाऱ्याचा अभिप्राय ज्याचा लेख आहे त्याला जायला हवा ना?"

अध्यक्षांनी चष्मा काढून ताईंकडे कनवाळूपणे पाहिले. "तुम्ही दमलाय, ताई. मी दोन्ही अक्षरं दोनदा ताडून पाहिली. पाकिटावर अ, आत अ. पाकिटावर ब, आत ब. यात चूक कशी होईल?"

"एकदा परत मागवून घेतले तर?"

"परत मागवायचे तर कार्यकारिणीपुढे विषय ठेवायला लागेल. कार्यकारिणी बसते वार्षिक सभेनंतर. आणि सभेपर्यंत अंक आला नाही, तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडले आणि नजर जिन्याखाली वळवली. "सोफा हिरवा घ्यावा की तपकिरी? तुमचं काय मत?"

ताई म्हणाल्या, डाग दिसत नाहीत असा घ्या, आणि बाहेर पडल्या.

बाळचे घर दोन गल्ल्या सोडून होते. स्वेटर परत द्यायच्या निमित्ताने ताई तिथे गेल्या. बाळ जमिनीवर मांडी घालून बसला होता, समोर टाइप केलेले कागद होते आणि चेहरा विंचू चावल्यासारखा.

"ये, ताई. बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप."

"काय केलं त्यांनी?"

"नाव नाही म्हणून मला काय कळत नाही होय? ऐक. 'लेखकाला खापराचा तुकडा आणि विटेचा तुकडा यांतील फरक कुणीतरी शिकवावा. तोवर त्याने विटांना हात लावू नये, कारण त्या इतरांच्या उपयोगाच्या असतात.' सांग, भाऊजींशिवाय इतकं विषारी कोण लिहील?"

तू, असे ताईंच्या अगदी ओठावर आले. हे वाक्यही त्यांनीच टाइप केले होते. बाळच्या हस्ताक्षरातला मूळ कागद अजून त्यांच्या खणात होता. वीट शब्दाखाली बाळने आनंदाने दोन रेघा मारल्या होत्या.

"बाळ, नीट आठवून बघ. हे तू आधी कुठे वाचलंयस का?"

"असलं मी वाचतो? अगं, हे वाचून मला त्या माणसाची दया आली. आत काहीतरी सडल्याशिवाय इतकी घाण बाहेर येत नाही."

"तसं असेलही," ताई म्हणाल्या.

"आणि पुढं छत्रीवर घसरलाय. 'मोजपट्टीऐवजी छत्री ठेवणे हे शास्त्र नसून सहल आहे.' अरे, स्वतः तोच फोटो छापतोस ना?"

छत्रीवर दोघेही घसरले होते. सरांनीही आपल्या अभिप्रायात लिहिले होते, की छत्रीने मोजणाऱ्याने राजधानी शोधण्यापेक्षा पाऊस शोधावा. दोघांनी एकाच तंबूत विद्या शिकली होती, त्यामुळे दोघांच्या चुका सारख्या होत्या आणि एकमेकांच्या चुका दोघांना नेमक्या दिसत होत्या. म्हणून तर स्वतःचा अभिप्राय स्वतःला इतका चपखल बसला.

परतताना ताईंनी रस्त्यात विचार केला. सरांना खरे सांगावे, तर गुप्ततेचा नियम मोडतो आणि त्या निमित्ताने अध्यक्ष सोफा आणून टाकतात. शिवाय आपल्यालाच आपण गाढव म्हणालो, हे कळल्यावर सर काय करतील याचा नेम नव्हता. बहुतेक लेख मागे घेतील. सर लेख मागे घेतात म्हटल्यावर बाळही घेईल, कारण मागे राहणे त्याला आवडत नसे. म्हणजे अंक बुडाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असे ऐकत आल्या होत्या. इथे तर जबडाच आपल्या घरचा होता. ताई घरी आल्या आणि गप्प बसल्या.

नियमाप्रमाणे लेखकाने आक्षेपांना उत्तर द्यायचे असते. सरांनी ते दुसऱ्या दिवशी सांगायला सुरुवात केली.

"लिही. 'परीक्षकमहाशय मूर्ख आहेत, हे प्रथम नमूद करतो.'"

"लिहिलं," ताई म्हणाल्या. मंडळात जाऊन त्यांनी टाइप केले: 'सन्माननीय परीक्षकांनी घेतलेल्या श्रमांबद्दल लेखक ऋणी आहे.'

"लिही. 'ज्याची बुद्धी टेकाडाइतकीच पुरली गेली आहे, त्याच्यासाठी पुन्हा एकदा सांगतो.'"

ताईंनी टाइप केले: 'परीक्षकांच्या सूक्ष्म दृष्टीला पडलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर पुढीलप्रमाणे.'

बाळचे उत्तर टपालाने आले. त्यात शिव्या नव्हत्या; बाळ शिव्या देत नसे, तो उपमा देत असे. ताईंनी म्हैस काढली, रांजण काढला, एक अख्खे माकड काढले आणि त्या जागी 'नम्रपणे' हा शब्द घातला. आयुष्यभर प्रुफे वाचलेली बाई. काय काढल्याने वाक्य उभे राहते, हे तिला कळत होते.

शिव्या निघाल्यावर एक मजेची गोष्ट दिसली. आत खरोखरच मुद्दे होते. कोळशाच्या एका तुकड्यावरून केलेली कालनिश्चिती, चराचे थर, खापरांचे रंग: टीकेने डिवचल्यावर दोघांनी ज्या गोष्टी कधी नीट मांडल्या नव्हत्या त्या आता मांडल्या होत्या. ताईंना वाटले, यांना आधीच कुणीतरी स्वतःचे अभिप्राय पाठवायला हवे होते.

उत्तरे तयार झाल्यावर ती अध्यक्षांकडे गेली. उत्तर परत परीक्षकाला दाखवायचे, म्हणजे तो मान्यता देतो. अध्यक्षांनी टेबलावर दोन पाकिटे मांडली आणि पुटपुटत भरू लागले.

"उत्तर अ. कुणाला जाणार? परीक्षक अ ला. उत्तर ब, परीक्षक ब ला. बरोबर ना, ताई? मागच्या वेळी तुमचा काहीतरी घोळ झाला होता."

म्हणजे सरांचे उत्तर पुन्हा सरांनाच, बाळचे बाळला. ताईंनी तोंड उघडले. मग त्यांनी जिन्याखालच्या खिडकीकडे पाहिले, कोपऱ्यात सोफ्याच्या कापडाचे नमुने पडले होते त्यांच्याकडे पाहिले आणि तोंड मिटले.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

घरी सरांनी पाकीट फोडले तेव्हा ताईंनी खबरदारी म्हणून फडके आधीच हाताशी ठेवले होते.

"तुझ्या भावाचं उत्तर आलंय," सर म्हणाले. वर 'परीक्षक अ यांस, लेखकाचे उत्तर' एवढेच होते. नियमाप्रमाणे आक्षेप पुन्हा लिहायचा नव्हता. नुसते 'आक्षेप पहिला', 'आक्षेप दुसरा' आणि खाली उत्तर. सरांनी आपला जुना अभिप्राय काढून ताडून पाहिला असता तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण स्वतःचे लिहिलेले पुन्हा वाचायची सवय त्यांना नव्हती. ती शिक्षा त्यांनी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेली होती.

ते वाचत गेले. कप तसाच राहिला. चहावर साय धरली.

"काय हो?"

"माणूस बदललाय," सर हळूच म्हणाले. "'सन्माननीय परीक्षकांच्या सूक्ष्म दृष्टीला.' बघ. सूक्ष्म दृष्टी म्हणतो मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं."

"आणि मुद्दे?"

"मुद्दे बिनतोड आहेत. थरांचं जे म्हणतोय ना, ते मीसुद्धा असंच मांडलं असतं."

"असं म्हणता?"

"अगदी शब्दशः. आता एवढा वाकून आलाय तर मी काही राक्षस नाही. मान्यता देऊन टाकतो. कुठं सही करायची?"

ताईंनी बोट दाखवले.

दोन गल्ल्या पलीकडे तेच नाटक चालले होते, फक्त तिथे चहाऐवजी कॉफी होती. "भाऊजी थकले असतील गं," बाळ बहिणीला म्हणाला. डोळ्यांत पाणीही आले असावे, पण तो चष्मा पुसत असल्याने खात्री करता आली नाही. "'नम्रपणे' हा शब्द त्यांनी किती वेळा वापरलाय, बघ. माणूस नम्र झाला की समजावं, प्रकृती बरी नाही. त्यांना जपत जा. आणि लेख अगदी पटण्यासारखा झालाय. मी उगाच ताणलं इतकी वर्षं."

दोन्ही मान्यता आल्या. अंक छापखान्यात गेला. मुद्रकाने नेहमीप्रमाणे खड्ड्याचा फोटो उलटा लावला, ताईंनी नेहमीप्रमाणे तो सुलटा करून घेतला आणि वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी विशेषांकाचे गठ्ठे जिन्याखाली येऊन पडले. उत्तरेची राजधानी आणि दक्षिणेची राजधानी पाठीला पाठ लावून, दोन्हींत तीच छत्री.

सभेत कधी नव्हे ते सर आणि बाळ समोरासमोर आले. सभागृहातल्या जुन्या मंडळींनी खुर्च्या मागे ओढून घेतल्या. गुप्ततेच्या नियमामुळे अभिप्रायाबद्दल कुणी चकार शब्द काढू शकत नव्हते, पण दोघांच्याही चेहऱ्यावर क्षमा करणाऱ्या माणसाची ऊब पसरली होती.

"ये, बाळ," सर म्हणाले. "तब्येत काय म्हणते?"

"माझी बरी आहे. तुम्ही जपा, भाऊजी."

"मला काय धाड भरलीय?"

"काही नाही, काही नाही. नम्रपणे म्हटलं आपलं."

दोघे एका बाकावर बसले. दोघांनाही वाटत होते की समोरचा शरण आला आहे, आणि शरण आलेल्याला जास्त बोलू नये एवढा मोठेपणा दोघांकडेही होता. समेट याहून वेगळ्या कारणाने होतो, असे ताईंनी तरी कुठे पाहिले नव्हते.

अंक वेळेवर निघाला म्हणून मंडळाने सत्कार केला. अध्यक्षांचा. 'काटेकोर गुप्ततेची आदर्श पद्धत' घालून दिल्याबद्दल. अध्यक्ष भाषणात म्हणाले, या यशात कार्यालयीन साहाय्याचाही वाटा आहे. त्या साहाय्याने टाळ्या वाजवल्या. खोली राहिली होती. हिरव्या सोफ्याची मागणी रद्द झाली होती. ताईंना तेवढे पुरेसे होते, किंवा आहे असे त्यांना त्या दिवशी तरी वाटले.

पुढे बाळ सरांकडे येऊ लागला. आधी रविवारी, मग मधल्या वारीही; सरांचे मागच्या दाराने फिरायला जाणे बंद झाल्याने त्यांचे वजन वाढू लागले. दोघे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसत आणि ताई त्या कागदांच्या मधून कप ठेवायला जागा शोधत. यातून दोघांचा पहिला संयुक्त लेख जन्माला आला. राजधानी हिवाळ्यात उत्तरेला आणि उन्हाळ्यात दक्षिणेला असे, हे त्यात सिद्ध केले होते. खड्डा सुरुवातीला कोठार होता आणि नंतर त्याचा उकिरडा झाला, हेही. ज्या गोष्टीवरून अर्धे आयुष्य बोलणे बंद होते, ती एका परिच्छेदात मिटली. शेवटी ऋणनिर्देश होता. त्यात अध्यक्षांचे आभार होते, मुद्रकाचे होते, आणि ज्या गुरांनी चरात पडून एक थर उघडा केला त्यांचेही होते.

ताईंनी तो ऋणनिर्देश दोनदा वाचला. गुरांपाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या.

लेख अध्यक्षांकडे गेला आणि अध्यक्ष पेचात पडले. "अ आणि ब दोघेही लेखक झाले, ताई. मग परीक्षक कोण? माझ्या पद्धतीत क नाहीच."

"क नेमावा लागेल."

"पण जगात तिसरा तज्ज्ञ कुठाय? ते शंखवाले आहेत का अजून?" त्यांनी बराच विचार केला. "असं करा, तुम्हीच लिहा क म्हणून. नाहीतरी टाइप तुम्हीच करणार. दोन चांगल्या ओळी लिहा आणि पुढे ढकला. फक्त कुणाला कळता कामा नये. गुप्तता आहे."

"नाही कळणार," ताई म्हणाल्या. "कुणाला शंकासुद्धा येणार नाही."

त्या जिन्याखाली आल्या, दार लावले, टाइपरायटरमध्ये कागद घातला आणि खुर्ची पुढे ओढली. मग एम.ए.च्या पहिल्या वर्गाने हात चालवायला सुरुवात केली. बोटे थांबेचनात.

आठवड्याने टपाल आले तेव्हा दोघेही टेबलाशीच होते. सरांनी पाकीट फोडले, बाळ त्यांच्या खांद्यावरून वाचू लागला आणि दोघांचे घोट एकाच वेळी टेबलक्लॉथवर परत आले.

"कोण गाढव आहे हा?" सर म्हणाले.

"काय झालं?" ताईंनी विचारले. फडके हातातच होते.

"'सदर लेखकांनी सदर टेकाडांवर कधी पाय ठेवला असेल याची शंका येते.' अरे, हे वाक्य मला पाठ आहे. मागच्या वेळी मला आलं होतं. चपलेला माती. बाळ, तू..." सर अडखळले. गुप्तता पाळून पाळून किती पाळणार? "तेव्हा ते तू लिहिलं नव्हतंस?"

"मी?" बाळ म्हणाला. "मला विटांवरून बोलले ते तुम्ही नव्हता? हे बघा, इथं खाली विटाही आहेत. 'त्या इतरांच्या उपयोगाच्या असतात.'"

"मी कशाला तुला विटांवरून बोलू?"

"मग मी तरी तुमच्या चपला कशाला काढू, भाऊजी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. टेबलावर चहा पसरत गेला.

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, "तिसरा कुणीतरी आहे."

"प्रदेशाचा तिसरा तज्ज्ञ. आणि आपल्याला पत्ता नाही."

"कुजका आहे. पण माणूस जाणकार दिसतो. उन्हाळ्यातली राजधानी त्यानं एका ओळीत कापून काढलीय. मला त्याची भीतीच वाटते, खरं सांगू?"

"शैली ओळखीची वाटते," बाळ म्हणाला. "परदेशात शिकलेला असणार."

ताईंनी डाग पुसला. "आणखी काय म्हणतोय तो?"

"शेवटचा आक्षेप विचित्रच आहे." सरांनी कागद दूर धरला. "'छायाचित्रात मोजमापासाठी वापरलेल्या छत्रीच्या मालकिणीचा ऋणनिर्देश सदर लेखकांनी आजवर कोठेही केलेला नाही. तो केल्याशिवाय लेख प्रसिद्ध होऊ शकत नाही.' मालकीण कशावरून? याला काय माहीत?"

"कुणाची होती हो ती छत्री?"

"काय की. कामावरच्या एखाद्या बाईची असेल. तुला काही आठवतं का गं?"

"मी उन्हात होते," ताई म्हणाल्या. "मला नीट दिसलं नाही."

"शोधावं लागणार," बाळ म्हणाला. "जुन्या नोंदी काढू, वेळ पडली तर टेकाडावर जाऊन चौकशी करू. काहीतरी पुरावा सापडेलच, भाऊजी. असं कसं नाही सापडणार?"

ताईंनी दोघांचे कप पुन्हा भरले. लेख अडला होता, पण पत्रिकेला त्याची घाई नव्हती. पुढच्या अंकासाठी त्यांच्या मनात एक दुसराच लेख आकार घेत होता, एकटीच्या नावाचा. सर आणि बाळ डोक्याला डोके लावून शोधमोहिमेची आखणी करू लागले. त्यांच्या पाठीमागे, दाराआडच्या खुंटीवर, काळी छत्री लाकडी मुठीने लटकत होती. दोन्ही विद्वानांची तिच्याकडे पाठ होती.